हाकेच्या अंतरावरचे बोरगाव

नागपुराहून छिंदवाड्यास जाणाऱ्या सडकेवर, सौंसर तहसिलीत, बोरगाव लागते. संत्र्यांच्या बागा, कपाशीची काळी रानें आणि आता त्यांच्या शेजारी उभी राहिलेली औद्योगिक वसाहत असे या भागाचे आजचे रूप आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही येथील सडकेवर उतरून आतल्या एका वस्तीची वाट विचारली. बांधावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांस आम्ही म्हटले, “बाबाजी, वस्ती किती दूर असेल?” त्यांनी मान वळवून क्षितिजाकडे पाहिले आणि उत्तर दिले, “हे काय, हाकेवरच तं हाये!” त्या हाकेवरच्या वस्तीस पोचण्यास आम्हांस पाऊण तास चालावे लागले. ऊन बरेच होते. आमच्या सोबतीच्या तरुणाने, बाबाजींस अंतराचा अंदाज नाही असा निकाल देऊन टाकला. आम्हीही त्या वेळी मनातून त्याच मताचे होतो. परंतु घरी परतल्यावर जुने ग्रंथ चाळता चाळता आमच्या ध्यानात आले की, बाबाजींनी दिलेले उत्तर अत्यंत शास्त्रशुद्ध होते. अज्ञानी होतो ते आम्ही.

कारण ‘कोस’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘हाक’ असा आहे. संस्कृत ‘क्रुश्’ या धातूचा अर्थ ओरडणे, आक्रंदणे, हाक मारणे. आक्रोश हा शब्द त्याच धातूपासून झाला आहे. त्यापासून ‘क्रोश’ म्हणजे हाक, आणि लक्षणेने, हाक ऐकू जाईल एवढे अंतर. प्राकृतात ‘क्रोश’चा ‘कोस’ झाला आणि तोच आपल्या बोलींत राहिला. म्हणजे आपला शेतकरी ‘हाकेच्या अंतरावर’ असे म्हणतो तेव्हा तो नकळत ‘क्रोश’ या शब्दाचे मराठी भाषांतरच करीत असतो, आणि असा एक क्रोश चालण्यास पाऊण तास लागणे हे हिशेबाला धरूनच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या मापास ‘गोरुत’ असे नाव आले आहे. गोरुत म्हणजे गाईचे हंबरणे. चार गोरुतांचे एक योजन. माणसाची हाक असो वा गाईचे हंबरणे, अंतराचे पहिले माप कानाने घेतलेले आहे, डोळ्यांनी नव्हे. विदर्भातील गावांबाहेर गुरे सकाळी एकत्र जमण्याची जी मोकळी जागा असते, तिला ‘आखर’ म्हणतात. आखरावर उभी राहिलेली गाय हंबरली आणि तो आवाज पलीकडच्या शेतात पोचला, की ते शेत एका गोरुताच्या आत. या मापास दोरीही लागत नाही आणि काठीही लागत नाही.

अर्थात् राज्यकर्त्यांस व गणितज्ञांस हाकेने भागत नाही. हाक मारणाराचा गळा, वाऱ्याची दिशा, मध्ये असणारी झाडी यांवर ते माप पालटणार. म्हणून त्यांनी क्रोशास दंडाने बांधून टाकले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हे कोष्टक आरंभीच येते. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश, आणि चार क्रोशांचे एक योजन. भास्कराचार्य १११४ साली जन्मले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चंगदेव यांनी खानदेशातील पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शके ११२८चा शिलालेख प्रसिद्धच आहे. हस्त दीड फुटाचा धरला तर या कोष्टकाचा क्रोश बारा हजार फुटांचा, म्हणजे सव्वादोन मैलांहून किंचित् अधिक भरतो, आणि योजन नऊ मैलांचे होते. पाऊण तासात सव्वादोन मैल ही धट्ट्याकट्ट्या माणसाची चाल होय. आमची चाल काही तेवढी नव्हती हे कबूल करावयास हवे.

येथपर्यंत सर्व सुरळीत दिसते. परंतु याच भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने सांगितला आहे. नऊ मैलांच्या योजनाने गुणले तर तो पंचेचाळीस हजार मैल होतो. पृथ्वीचा खरा परीघ पंचवीस हजार मैलांच्या आत आहे. येथे दोनच मार्ग उरतात. एक तर एवढ्या मोठ्या ज्योतिर्विदाची परिघाच्या बाबतीत जवळजवळ दुपटीची चूक झाली असे म्हणावयाचे, किंवा ज्योतिषातील योजन पाच मैलांच्या आसपास होते असे मानावयाचे. आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. त्यास एक बाहेरचा आधारही मिळतो. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग याने योजनाविषयी लिहून ठेवले आहे. योजन म्हणजे सैन्याची एका दिवसाची मजल असे तो सांगतो, आणि पुढे म्हणतो की जुन्या वृत्तांतांप्रमाणे ते चाळीस ‘ली’चे, भारतातील सामान्य लोकांच्या हिशेबाने तीस ‘ली’चे आणि पवित्र ग्रंथांतले सोळा ‘ली’चे. क्रोशाविषयीही, गाईचे हंबरणे जेथवर ऐकू येते तेवढे अंतर, असेच तो सांगतो. मात्र त्याच्या योजनात क्रोश चार नसून आठ आहेत. एकाच देशात, एकाच काळी, एकाच शब्दाची तीन मापे! पुराणात अमुक पर्वत इतकी योजने उंच असे वाचून जे हसतात आणि जे ते अक्षरशः खरे धरून भांडतात, त्या दोघांनीही ह्युएन-त्संगाचा हा एक परिच्छेद वाचावा.

अकबराच्या दरबारचा अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त कोसांच्या जाती नोंदल्या आहेत. त्या वाचताना मोठी मौज वाटते. बादशाही कोस पाच हजार गजांचा. गुजरातेतला कोस गाईच्या हंबरण्याचा. बंगाल्यातला कोस म्हणजे चपळ माणूस एका दमात धावून जाईल तेवढे अंतर. आणि काहींच्या मते डोक्यावर हिरवे पान ठेवून झपाट्याने चालू लागावे. पान वाळले की कोस संपला. या शेवटच्या मापाची पारख करून पाहण्यास नागपूर-सौंसरचा वैशाख उत्तम. त्या महिन्यात येथील कोस फारच आखूड होतील! बादशाही इलाही गज तेहतीस इंचांच्या सुमाराचा धरतात; त्या हिशेबाने अकबरी कोस अडीच मैलांहून अधिक पडतो. याच ग्रंथात देवगडच्या जाटबा नामक गोंड जमीनदाराचा, त्याच्या दोन हजार घोडेस्वारांसह, पन्नास हजार पायदळासह आणि शंभर हत्तींसह उल्लेख आहे. सौंसर व पांढुर्णा हा मुलूख त्या देवगडच्या राज्यातच मोडत असे. पुढे याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने नागपूर वसविले आणि अठराव्या शतकात हा सर्व प्रदेश भोसल्यांच्या हाती आला.

कोसाच्या या चंचलपणामुळे केवढा अनर्थ होतो याचे सर्वांत जुने उदाहरण अशोकाच्या स्तंभलेखात आहे. सातव्या स्तंभलेखात, वाटसरूंसाठी व गुराढोरांसाठी मार्गांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणविल्या असे सम्राट सांगतो. विहिरी किती अंतरावर? लेखातला शब्द आहे ‘अढकोसिक्य’. कोणी त्याचा अर्थ ‘अर्ध्या अर्ध्या कोसावर’ असा करतात. कोणी ‘आठ आठ कोसांवर’ असा करतात. तहानलेल्या वाटसरूच्या दृष्टीने या दोन वाचनांत किती अंतर आहे ते सांगावयास नको. अर्ध्या कोसावर विहीर असेल तर तो राजा प्रजेच्या पाण्याची अतोनात काळजी वाहणारा ठरतो. आठ कोसांवर असेल तर त्याने एका दिवसाच्या मजलेला एकेक मुक्काम बांधून दिला एवढाच अर्थ निघतो. एका अक्षरात एका राज्याची सारी व्यवस्था अडकून पडली आहे.

आता आपण पुन्हा आपल्या सडकेवर येऊ. नागपुरात ‘झिरो माइल’ म्हणून जो दगडी स्तंभ आहे आणि ज्याच्याजवळ चार घोडे उभे आहेत, तो बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. हिंदुस्थानचा तंतोतंत मध्य तो हाच, अशी समजूत लोकांत घट्ट रुजली आहे. वस्तुतः ते सर्वेक्षण खात्याने १९०७ साली उभारलेले समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे प्रमाणचिन्ह होय. ज्या महान् त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेत ते बसते, त्याचा आरंभ १८०२ साली मद्रासेजवळ विल्यम लॅम्टन याने केला. हा लॅम्टन साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. साऱ्या हिंदुस्थानची लांबी मोजू पाहणाऱ्या माणसाची शेवटची साडेतीन हात जागा विदर्भात असावी, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

झिरो माइलच्या स्तंभावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरली आहेत. त्यांत छिंदवाडा ८३ मैल असे लिहिले आहे. बोरगाव याच वाटेवर असल्याने हा आकडा आपल्या कामाचा आहे. या ८३ मैलांचे कोस किती? लीलावतीच्या क्रोशाने साडेछत्तीस. अकबरी कोसाने बत्तीस. इंग्रज अमदानीत कोस म्हणजे दोन मैल असा जो ठोकळ हिशेब रूढ झाला, त्याने साडेएकेचाळीस. रस्ता एकच, दगडही एकच. परंतु एखाद्या जुन्या कागदात ‘नागपुराहून छत्तीस कोस’ असे वाचले आणि दोन मैलांच्या कोसाने ते मोजले, तर आपण छिंदवाड्याच्या पुष्कळ अलीकडे, कोठे तरी घाटाच्या रानात, गाव शोधीत बसू. आपल्या देवस्थानांची जुनी इनामपत्रे वाचणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कागद खोटा नसतो. आपला कोस दुसरा असतो.

‘पंचक्रोशी’ या शब्दाचे उदाहरण तर प्रत्येकाच्या घरातले आहे. क्षेत्राच्या भोवतालचा पाच क्रोशांचा टापू म्हणजे पंचक्रोशी. काशीची पंचक्रोशी यात्रा पंचवीस कोसांची समजली जाते. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करीत यात्रेकरू ती पायी पुरी करतात. हा मार्ग सुमारे ऐंशी किलोमीटरांचा आहे, म्हणजे येथे कोस दोन मैलांचाच धरलेला दिसतो. मराठीत मात्र ‘पंचक्रोशी’ म्हणजे आसपासची दहा-पाच गावे, ज्यांचा एक बाजार आहे, एक जत्रा आहे आणि ज्यांच्यात सोयरीक होते ती. येथे कोणी अंतर मोजीत नाही. पंचक्रोशीतला माणूस म्हणजे ओळखीचा माणूस. मापाचा शब्द नात्याचा झाला. शब्दाची ही बढतीच म्हणावयाची.

असाच दुसरा शब्द ‘गाव’. जुन्या मराठीत गाव हे वस्तीचे नाव आहे तसेच अंतराचेही माप आहे. कोशकार ते चार कोसांचे सांगतात. वस्तीवाचक ‘गाव’ हा संस्कृत ‘ग्राम’पासून आला, यात शंका नाही. वेदकाळी ग्राम म्हणजे माणसांचा जथा. दोन जथे समोरासमोर आले की तो ‘संग्राम’. अंतरवाचक गाव मात्र आमच्या मते निराळ्या घराण्यातला आहे. संस्कृतात ‘गव्यूति’ असा शब्द आहे. वेदांत त्याचा अर्थ गाईंचे कुरण. पुढे अमरकोशात दोन क्रोशांचे अंतर. पालीत तो ‘गावुत’ झाला, गुजरातीत ‘गाउ’ म्हणून आजही ओळखीचा आहे, आणि कानडीत ‘गावुद’ हे अंतराचे माप जुन्या लेखांतून भेटते. मराठीत या दोन्ही घराण्यांतले शब्द झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन पोचले आणि लोकांनी त्यांस एकच मानले. एका गावाहून दुसऱ्या मोठ्या गावी जाण्याचा सामान्य पल्ला म्हणून चार कोस, अशी त्याची उपपत्तीही लावण्यात आली. अशी उपपत्ती व्याकरणदृष्ट्या लंगडी असली तरी तिच्यात अनुभव आहे. बैलगाडीने सकाळी निघून दुपारच्या आत जेथे पोचता येते ते दुसरे गाव.

आता बोरगावातला ‘बोर’. संस्कृत ‘बदर’, प्राकृतातून मराठीत ‘बोर’. हिमालयातील बदरिकाश्रमाच्या नावात जे झाड आहे तेच या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातही आहे. एक नाव यात्रेकरूंच्या जिभेवर, दुसरे एसटीच्या आणि खाजगी मोटारींच्या वाहकांच्या. पण झाड एक. मात्र या झाडाने संशोधकांची मोठी पंचाईत करून ठेविली आहे, कारण बोरीचे झाड नाही असा मराठी मुलूख नाही. अकोल्याकडे बोरगाव मंजू आहे, वर्ध्यापाशी बोरगाव मेघे आहे, साताऱ्याकडे बोरगाव आहे, सांगलीकडे बोरगाव आहे, बेळगाव जिल्ह्यातही बोरगाव आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या परिसरात पाहिले तरी मोहगावात मोहाचे झाड, सावरगावात सावरीचे, पिपळ्यात पिंपळाचे. आपल्या पूर्वजांनी गावांची नावे ठेवताना राजे-महाराजांपेक्षा झाडांस अधिक मान दिला, हे चांगलेच झाले. परंतु त्यामुळे प्रत्येक नावास शेपूट जोडणे भाग पडले. पिपळा नारायणवार हे सौंसर तहसिलीतील नाव असेच शेपटीचे. अन्यत्र हे काम ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ करतात. फारसी ‘बुज़ुर्ग’ म्हणजे थोरला, त्याचा आपण बुद्रुक केला; खुर्द म्हणजे धाकटा. जी गावे या दोन शब्दांवरून आज मानापमान करून घेतात, त्यांस हे ठाऊक नसते की थोरलेपण केवळ आधी वसल्याचे किंवा विस्ताराचे असावयाचे.

मोहगावाचे शेपूट ‘हवेली’. येथील अर्धनारीश्वराच्या देवालयामुळे मोहगाव हवेली भाविकांस परिचित आहे, आणि नाव ऐकून पुष्कळांस तेथे एखादा मोठा वाडा असावा असे वाटते. मुलकी भाषेत मात्र हवेली म्हणजे मुख्य ठाण्याच्या भोवतालचा, सरकारने जहागिरीत न देता आपल्या हाती ठेवलेला मुलूख. पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचे नाव याच अर्थाचे आहे. मोहगावचे नाव वाचतानाही वाड्याआधी हा अर्थ डोळ्यांपुढे आणावा असे आम्हांस वाटते. भूगोलाच्या शब्दांत अशी फसगत पदोपदी होते. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून आपण थांबत नाही आणि नेमके तेथेच चुकतो.

‘घाट’ हा शब्द घ्या. आमच्या कोकणी वाचकांस घाट म्हटले की सह्याद्रीची चढण आठवते. घाटावरचे लोक म्हणजे पलीकडचे, देशावरचे लोक. काशीत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. छिंदवाडा जिल्ह्याचे वर्णन इंग्रज अमदानीत असे करीत की सातपुड्याच्या माथ्यावरचा तो ‘बालाघाट’ आणि खालचा, नागपूरच्या मैदानास लागून असलेला, तो ‘जेरघाट’. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, ‘जेर’ म्हणजे खाली. रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ साली नागपूर राज्याचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यातही ‘देवगड, घाटावरचे’ असा विभाग आहे. वऱ्हाडात याच अर्थाने बालाघाट आणि पायनघाट म्हणत. सौंसर हे जेरघाटातले. म्हणजे सातपुड्यासंबंधाने सौंसरचे जे स्थान, तेच सह्याद्रीसंबंधाने कोकणाचे: घाटाखालचे. फरक इतकाच की कोकणच्या माणसास घाट चढून मराठी देश गाठावयाचा असतो, आणि सौंसरच्या माणसास घाट चढला की मराठी मागे पडते व हिंदी सुरू होते. आज बालाघाट नावाचा जिल्हा मध्य प्रदेशात आहे आणि बालाघाटचे डोंगर मराठवाड्यात. एकाच सामान्य नामाची ही दोन विशेषनामे झाली. या दोहोंचा परस्परांशी संबंध जोडणारे लेख आम्ही पाहिले आहेत. संबंध आहे तो फक्त ‘वर’ या अर्थाचा.

देवालयांच्या वातावरणात वाढलेल्या वाचकांस सर्वांत जवळचा भूगोल म्हणजे संकल्पातला. पूजेस बसलेला यजमान जंबुद्वीपापासून आरंभ करून भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य अशा पायऱ्या उतरत आपल्या आसनापर्यंत येतो. कोकणपट्टीत परशुरामक्षेत्राचे नाव येते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गोदावरीच्या ‘दक्षिणे तीरे’ किंवा ‘उत्तरे तीरे’ असे म्हणतात. सौंसरची नदी कन्हान. ती वैनगंगेस मिळते, वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. बोरगावातला यजमान तेव्हा ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणणार. पण बोरगावाहून गोदावरी ऐंशी-नव्वद कोस दूर! येथे तीर म्हणजे काठ नव्हे; तीर म्हणजे बाजू, त्या नदीच्या अंगाचा सगळा देश. या अर्थाने पाहिले तर संकल्पातील विधान अगदी खरे आहे, कारण बोरगावच्या शिवारावर पडलेला पाऊस अखेर त्या गोदावरीतच जातो. पाणलोटाचा हा हिशेब करून शब्द योजिला होता की परंपरेने तो जुळून आला, या वादात आम्ही पडत नाही. यजमानाने मात्र दक्षिण की उत्तर हे एकदा नकाशावर पाहून घ्यावे. पुण्याच्या पोथीवरून शिकलेले पुरोहित नागपुराकडेही सवयीने ‘दक्षिणे’ म्हणून जातात, हे आम्ही स्वतः ऐकले आहे.

नदी कधी तीर असते, कधी शीव. पांढुर्ण्यात जाम नदीच्या एका अंगास पांढुर्णा व दुसऱ्या अंगास सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण लावतात, आणि दोन्ही काठांवरून गोटमार होते. या दिवशी या दोन गावांमधले अंतर हातांनी फेकलेल्या गोट्याच्या टप्प्याएवढे. माणसे जखमी होतात, काही दगावलीही आहेत, आणि सरकारी बंदोबस्तास न जुमानता ही प्रथा चालत आली आहे. आमच्या गोमंतकीय वाचकांस नदी शीव झाल्याचे दुसरे स्मरण होईल. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात सासष्टीतील कुशस्थळीहून श्रीमंगेश अघनाशिनी ओलांडून अंत्रुज महालातील प्रियोळास आले. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर तीन कोसांहून अधिक नाही. परंतु अलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता, पलीकडे नव्हता, आणि देवाची मूर्ती राहते की फुटते हे त्या तीन कोसांवर ठरले. पुढे १७६३ साली अंत्रुजही पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा ‘जुनी काबीजाद’ आणि ‘नवी काबीजाद’ असे शब्द भूगोलात आले. हे शब्द ना नदी सांगत, ना डोंगर. कोणते गाव केव्हा हातचे गेले एवढेच सांगतात.

बोरगावच्या वाट्यासही अशी एक शीव आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या भागाचे राज्य जुने मध्य प्रदेश होते आणि राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. छिंदवाडा जिल्हा, आपल्या मराठीभाषी दक्षिण तहसिलींसह, भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. रेषा जिल्ह्याच्या हिशेबाने आखली गेली आणि जेरघाट बालाघाटाबरोबर गेला. नागपूर जेथे होते तेथेच राहिले, पण राजधानी कितीतरी पटींनी दूर गेली. योगायोग असा की याच १९५६ साली वजने व मापे यांचा दशमान कायदा झाला, आणि सडकेवरचे मैलाचे दगड हळूहळू किलोमीटरांचे झाले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले; जिल्ह्याचे ठाणे तरी घाट न चढता गाठता येऊ लागले.

राज्य बदलले म्हणून कोणी बोरीस बेर म्हणू लागले नाही. तथापि शेतीच्या कागदांची भाषा हिंदी झाल्याने काही शब्दांवर गंडांतर आले आहे, आणि ते नुसते शब्द नव्हेत. मराठी गावाचे जुने दोन भाग म्हणजे पांढरी आणि काळी. घरे वसतात ती पांढरी, पिके येतात ती काळी. दोन शेतांमधला उंच पट्टा तो विदर्भात ‘धुरा’. हिंदी कागदात तो ‘मेड’ होतो. शेतांकडे जाणारी झाडोऱ्यातली गाडीवाट ती ‘पांदण’. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात हिलाच ‘पाणंद’ म्हणतात. केवळ दोन अक्षरांनी जागा बदलल्या आहेत. उजाड झालेले, पण नाव आणि शीव राखून असलेले गाव ते ‘रीठ’. धुरा कोणाचा, पांदण खाजगी की गावाची, रिठीतले देऊळ कोणत्या मौजात मोडते, यांवरून खटले होतात, आणि खटल्यात जुना मराठी कागद वाचावा लागतो. ‘पांदण’ या शब्दाचा अर्थ ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती तो कागद पडला तर सार्वजनिक वाट कोणाच्या तरी कुंपणात जाते. खाजन आणि सडा हे शब्द विसरून गोव्यातील जमिनीचे व्यवहार वाचू पाहणाऱ्याची जी गत होईल तीच ही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांतून शिकविणाऱ्या मराठी मंडळींस आम्ही म्हणूनच एक विनंती केली होती: आपापल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांबरोबर एकदा शीव फिरून या आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचे नाव लिहून घ्या. एकाने ती मनावर घेतली. त्याने पाठविलेल्या यादीत ओढ्याच्या वळणांची, चिंचांची, दगडांची मिळून चाळीसांवर नावे होती, आणि शेवटी त्याने कंसात लिहिले होते: “अंतर विचारले, कोणी किलोमीटरात सांगितले नाही. दोन चिलमींचे आहे म्हणाले.”